वैशाखातली गोधडी

अक्का, चोपड्याच्या स्टँडवर एसटी सुटताना तू खिडकीशी धावत आलीस आणि केळीच्या वेफर्सची पिशवी माझ्या मांडीवर टाकलीस. लग्न होऊन मी पुण्याला निघाले होते, रडायचं नाही असं ठरवून बसले होते. माय मात्र खुशीत होती. "नोकरीवालं घर शे, पोरी. सुखमा ऱ्हाशी," म्हणाली.

दोन वर्षांत मी अशी झाले की माझी मलाच ओळख पटेना. जेवण चिमणीएवढं आणि अंग फुगलेलं. केस मूठमूठ गळायचे, आवाज घोगरा झाला. गॅसपुढे उभ्या उभ्या डोळा लागायचा, दूध उतू जायचं. शेजारी नवा रंगीत टीव्ही आला, तर तिथंही मी भिंतीला टेकून झोपले. उठायचं म्हटलं तरी अंग उठू द्यायचं नाही. स्वतःच्याच शरीरात कुणीतरी कोंडून घातल्यासारखं वाटायचं. सासूबाई मूळच्या धुळ्याच्या, मनानं चांगल्या. त्या म्हणायच्या, "माहेरची आठवण येते तिला. रुळेल." यांनी मात्र एक दिवस सांगून टाकलं, "जाऊन ये घरी. पण येशील ती संसार करायला ये, नाहीतर तिथंच राहा." मलाही वाटलं, आठवणच असणार. एवढी ओढ कुणाला असते का, म्हणून लाजच वाटायची.

चोपड्याला आले तेव्हा वैशाख होता. भर दुपारी तुम्ही सगळे ओले टॉवेल अंगावर टाकून पडलेले, आणि मी गोधडीत. मायनं माझे गार पाय चाचपले. "बठ्ठा घामाघूम व्हई राह्यनात नि तुले हिव वाजस? हाऊ आळस नही शे. आठवण बी नही शे. आते त तू घरमाच शेस!"

दुसऱ्याच दिवशी तिनं मला जळगावला नेलं. डॉक्टरांनी गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण अगदी सावकाश खाली आला. रक्त तपासायला मुंबईला गेलं. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करतेय," ते म्हणाले. "शरीराची आच तिच्या हातात असते. ती मंदावली की नाडी, पोट, डोकं, मन, सगळंच मंदावतं." मायला तेवढं पुरलं. आच म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रोज सकाळी अनशेपोटी एक गोळी, जन्मभर. पावसाळा सरेपर्यंत थंडी गेली, सूज उतरली. मी पुण्याला परत आले, संसार केला. यांनी ते बोलणं पुन्हा काढलं नाही. मी विसरले मात्र नाही.

मला वाटलं होतं, गोळीनं आठवणही जाईल. ती गेली नाही, अक्का. फक्त ती सांगायची सोय गेली. धडधाकट बाईला माहेरी कशाला जायचं असतं? पूर्वी मी गप्प बसले की सासूबाई म्हणायच्या, आठवण येते तिला. आता गप्प बसले की सगळे विचारतात, "गोळी घेतलीस का?"

घेतलेली असते. मला फक्त घरी यायचं असतं.