परशराम अण्णाची दुसरी सही

येळ्ळूरच्या विनोदला परदेशी जायचं वेड लागलं ते बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. एका मशीन शॉपमध्ये तो लेथवर होता. पगार बेताचा, वडील लहानपणीच गेलेले, घरात आई मनुबाई एकटी. त्याच्याबरोबर आयटीआय झालेली पोरं एकेक करून मस्कतला, दोह्याला गेली होती आणि सुट्टीला आली की नव्या गाडीवरून गावभर हिंडायची. एजंटाला द्यायला आणि विमानाच्या तिकिटाला मिळून जी रक्कम लागत होती तेवढी विनोदकडे कुठून असणार? शहरातली एक क्रेडिट सोसायटी कर्ज द्यायला तयार झाली, पण तिनं जामीन मागितला. कायम नोकरीतला, दर महिन्याला पगार हातात पडणारा माणूस हवा. मामानं अंग काढून घेतलं. चुलत्यानं आधीच एकाला जामीन झाल्याचं सांगितलं, ते खरं नव्हतं.

जामीन झाला तो परशराम. शेजारच्या फाउंड्रीत तो साचे भरणारा मोल्डर होता, धामण्याचा. नात्याचा ना गोत्याचा. चहाच्या गाड्यावरची ओळख, आणि एका वाटेची दोन गावं म्हणून कधीमधी विनोद त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून घरी यायचा, एवढंच. माणूस तापट. सुपरवायझरशी त्याचं महिन्यातून एकदा तरी वाजायचंच. गल्लीतल्या कुणाच्या म्हशीनं बांध ओलांडला तरी हा तावातावानं उठायचा. त्यामुळं विनोदनं त्याला भीतभीतच विचारलं. परशरामनं साच्याच्या काळ्या वाळूनं माखलेले हात फडक्याला पुसले, सही कुठं करायची तेवढं विचारलं आणि उभ्या उभ्याच केली. घरात बायकोला, जयाबाईला, विचारून सांगतो असंही म्हणाला नाही. त्यावरून पुढं घरात भांडण झालं ते वेगळं.

विनोद ओमानला, सोहारला गेला. सुरुवातीचे महिने बरे गेले. हप्ते वेळेवर जात होते, आईलाही पैसे पोचत होते. मग कंपनीचं काम तुटलं. पगार अर्धा झाला, मग अडकला, मग नुसतं जेवण आणि खोली तेवढी राहिली. पासपोर्ट कंपनीकडं, दुसरीकडं काम धरायचं तर तिचीच परवानगी हवी. सोसायटीचे फोन यायला लागले. पहिल्यांदा विनोद सगळं खरं सांगायचा, पुढच्या महिन्यात भरतो म्हणायचा. मग नुसतं भरतो म्हणायचा. मग परशरामचा फोन येऊ लागला. स्क्रीनवर ते नाव दिसलं की तो फोन पालथा ठेवायचा. तो फोन तसाच वाजू द्यायचा. शेवटी त्यानं सिमच बदललं. आईला कुणाच्या ना कुणाच्या फोनवरून दोन मिनिटं बोलायचा, बरं चाललंय म्हणून सांगायचा आणि आपला नंबर कुणाला देऊ नको असं बजावायचा. आई कधी जास्त विचारायची नाही. ते त्याला त्यावेळी सोयीचं वाटलं.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग विनोद राहत होता त्या कामगारांच्या खोलीवर नागेंद्र राहायला आला. शहापूरच्या विणकराच्या घरातला पोरगा. घरातले माग मोडीत निघाल्यावर तो उद्यमबागेत फाउंड्रीत लागला होता आणि तिथून थेट इथं एका फॅब्रिकेशनच्या यार्डात आला होता. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, सगळे मिळून जेवण करत होते. बेळगावचा विषय निघाला आणि नागेंद्र त्यांच्या फाउंड्रीतल्या एका मोल्डरची गोष्ट सांगू लागला. विनोद कांदा चिरत होता. तो गाव विचारलं की नुसतं बेळगाव सांगायचा, त्यामुळं आपल्यासमोर कोण बसलंय हे नागेंद्रला ठाऊक नव्हतं.

तो मोल्डर कुणा एकाला जामीन राहिला होता. तो गडी गल्फला पळाला आणि सोसायटीनं ह्याच्या पगाराला हात घातला. दर महिन्याला पगार कापून येऊ लागला. हा रविवारीही कामाला यायला लागला, डबल ड्यूटी करायला लागला. भट्टीपुढं उभं राहून राहून त्याचं तोंड कोळशासारखं झालं. लोक त्याला चेतवायचे, त्या गड्याच्या घरात जाऊन बस म्हणायचे, आईला गावासमोर जाब विचार म्हणायचे. एक दिवस त्याचं डोकं फिरलं. पाळी संपल्यावर मोटरसायकल काढून तो तडक येळ्ळूरला गेला.

नागेंद्र भात उपसत सांगत होता. दार उघडं, घरात कुणी नाही. हा हाका मारत मागं परड्यात गेला, तर म्हातारी हौदाजवळ पडलेली. पाय घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. केव्हापासून पडली होती कुणास ठाऊक, हाक मारायचंही त्राण उरलं नव्हतं. ह्यानं तिला उचलली, कुणाच्या तरी टेम्पोत घातली आणि बेळगावात दवाखान्यात नेली. तिथं ऑपरेशनच्या कागदावर सही मागितली. तुम्ही कोण लागता असं विचारलं.

"मुलगा म्हणून सही केली की त्यानं," नागेंद्र म्हणाला. "ज्याच्यासाठी सही करून बुडला, त्याच्याच आईसाठी परत सही. दवाखान्याचं बिल पण त्याच्या पगारातनं. आमच्या फाउंड्रीत त्या दिवसापासनं त्याला कुणी चेतवलं न्हाय बघ."

खोलीतल्या एकानं त्या पळालेल्या गड्याला शिवी घातली. विनोदनं चिरलेला कांदा नागेंद्रपुढं सारला आणि तो उठून बाहेर गेला. बाहेर ऊन इतकं होतं की भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता. तो कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मागं एकदा फोनवर आई म्हणाली होती की पाय थोडा मुरगळलाय, जयाबाई म्हणून एक येते करायला. कोण जयाबाई, हे त्यानं विचारलं नव्हतं.

त्या वेळी त्याला लाज वाटायला हवी होती, ती नंतर आली. पहिल्यांदा आलं ते वेगळंच काहीतरी. लहानपणी वडिलांबरोबर तो एकदा राजहंसगडावर गेला होता, आणि तटावरून खाली सगळा मुलूख एकदम दिसल्यावर त्याला बोलता येईना. तसं झालं. परशराम रागानं निघाला होता हे त्याला पक्कं माहीत होतं, त्या रागाला तो ओळखत होता. तो राग घेऊन आत गेलेला माणूस आईला हातांवर घेऊन बाहेर कसा आला, हे त्याला काही केल्या उमगेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं नागेंद्रला सांगितलं, तो गडी मीच. नागेंद्रनं हातातला डबा खाली ठेवला. मग, आता काय करणार आहेस, असं त्यानं विचारलं.

विनोदनं जे आधीच करायला हवं होतं ते केलं. कंपनीविरुद्ध कामगार कचेरीत अर्ज दिला. हेलपाटे घातले, तिथल्या एका मल्याळी कारकुनानं वाट दाखवली, आणि काम बदलायची परवानगी मिळाली. नागेंद्रच्या यार्डात काम मिळालं. त्यानं सोसायटीला फोन करून आपला नंबर दिला आणि दर महिन्याला पगार झाला की पहिल्यांदा तिकडं भरू लागला. परशरामच्या पगारातली कपात थांबली. विनोदनं परशरामचा जुना नंबर शोधून काढला, खूपदा तो लावायला घेतला, पण बोट पुढं जाईना. आईजवळ मात्र तो सगळं बोलला. ती म्हणाली, मला दवाखान्यातच कळलंय बाबा, तू ये.

कर्ज फिटलं. परशरामच्या पगारातून गेलेले आणि दवाखान्याचे पैसेही त्यानं साठवले, तेव्हा सुट्टी मिळाली. ऐन सुगी होती. येळ्ळूरच्या स्टॉपवर उतरला तेव्हा शिवारभर कापलेल्या भाताचा वास होता. घराला कुलूप. शेजारचा भरमू अंगणात पोती शिवत बसला होता. त्यानं बॅग आपल्या घरात ठेवून घेतली आणि म्हणाला, "आई धामण्याला हाय. मळणी हाय न्हवं परशराम अण्णाची. दरवर्षी जातीया."

विनोद शेतांतून चालत निघाला. मनात सगळं जुळवलेलं होतं, आधी पाया पडायचं, मग काय बोलायचं. खळ्याजवळ पोचला आणि त्यातलं काही उरलं नाही. आई भाताच्या राशीशेजारी एक पाय लांब करून बसली होती आणि सुपानं भात पाखडत होती. जयाबाई तिच्या बाजूला. दोघी कशावरून तरी हसत होत्या. त्याच्या कर्जानं उद्ध्वस्त व्हायला हवी होती अशी ही दोन घरं, आणि त्याच्या पाठीमागं ती एक होऊन बसली होती. कोणी ठरवून केलं नव्हतं. हाड जुळेपर्यंत जयाबाई येळ्ळूरला जात राहिली, आधी कपाळाला आठ्या घालून, मग आपणहून. आणि आई चालायला लागल्यावर इकडं येऊ लागली. विनोद बांधावरच थांबला. आपण बघतोय ते खरं आहे की नाही, असं त्याला वाटून गेलं.

परशराम पलीकडं पोती भरत होता. केस पिकलेले दिसत होते, गाल बसलेले. त्यानं विनोदला पाहिलं, पोत्याचं तोंड बांधून पुरं केलं आणि मग जवळ आला.

"जेवलास?"

विनोदनं नाही म्हणून मान हलवली. तो पायाशी वाकला. खिशातलं पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढं केलं. परशराम नको म्हणाला नाही. त्यानं ते घेतलं आणि जयाबाईला हाक मारून तिच्या हातात दिलं, आत नेऊन ठेव म्हणाला. ती गेल्यावर त्याचा आवाज चढला.

"पैशाचं झालं. आता ऐक. फोन का उचलला न्हाईस?"

विनोदची नजर खाली, सांडलेल्या भातावर गेली.

"पैशापायी लावत न्हवतो मी. वाजायचा आन बंद व्हायचा. मग वाजायचाबी बंद झाला. आई पडायच्या आधी किती दिवस, तिकडं मेलाबिलास की काय, कळंना मला. कुणाला इचारायचं रे? तुझ्या आईला इचारू? आणि तिनं मलाच इचारलं तर काय सांगू?"

त्याचा श्वास फुलला होता. आईनं सूप खाली ठेवलं, पण ती मधे पडली नाही.

"अण्णा," विनोद कसाबसा म्हणाला, "त्या दिवशी तुमी भांडायला आलतासा न्हवं?"

"व्हय. वाटंत लई काय काय जुळवलं हुतं."

"मग?"

परशरामनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू प्रश्नच त्याला कळला नव्हता.

"पडलीती की रं ती," तो म्हणाला.

तेवढंच. विनोदला वाटलं, आता पुढं काहीतरी सांगेल. पण परशरामनं कमरेचा टॉवेल सोडून तोंड पुसलं, आणि राग जसा आला तसा ओसरला. सोहारच्या त्या भिंतीला टेकून उभं राहिल्यापासून विनोद ज्या गोष्टीचा ठाव घेत होता, ती ह्या माणसाच्या लेखी गोष्टच नव्हती. बाई पडली होती, उचलायला पाहिजे होती. सहीशिवाय आत घेत नव्हते, म्हणून सही केली. विनोद त्याच्या हातांकडं बघत राहिला, त्यांवर ठिकठिकाणी भाजल्याचे जुने डाग होते.

आईनं त्याला जवळ बोलावून तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली. जयाबाई भाकरी आणि झुणका घेऊन आली. ती त्याच्याशी धड बोलली नाही. पण भाकरी संपली तशी न विचारता दुसरी वाढली. घरी केव्हा जायचं असं त्यानं आईला विचारलं, तर ती म्हणाली, रास उचलल्याशिवाय मी कशी येऊ?

ऊन कलायला लागलं होतं. परशराम पोत्यांपाशी उभा राहून त्याच्याकडं बघत होता.

"कपडे चांगलं हाईत तुझं," तो म्हणाला. "पन त्या टोकाला धर."

विनोदनं बाह्या वर सारल्या आणि पोत्याला हात घातला.