काळा की जांभळा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये होते. माझं काम शेड मॅचिंगचं. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी आमचा रंग जुळतो की नाही, ते खिडकीपाशी उभं राहून बघायचं. घरी आई आणि मी, दोघीच.

आईला मधुमेह होता. त्या वर्षी चपलेचा खिळा लागून तिच्या डाव्या तळव्याला जखम झाली. दुखत नसल्यामुळे तिला ती कळलीच नाही. मला दिसली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि तो रंग पावलावर पसरत होता. तळवा आईला स्वतःला दिसायचा नाही, आणि बोटं पट्टीत असायची. ड्रेसिंग मी करायचे. ती विचारायची, "कसं आहे गं आज?" मी म्हणायचे, "बरं आहे. सुकतंय."

शुक्रवारी सर्जनने मला केबिनमध्ये एकटीला बोलावलं. "पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. सोमवारी सकाळी घेऊ. थांबलो तर गुडघाही जाईल."

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये सर्जन होता आणि अशाच पायांवर काम करायचा. आठवड्यापूर्वी मी आमच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने पायाचे फोटो काढून, प्रिंट स्कॅन करून त्याला ईमेलने पाठवले होते. शुक्रवारी संध्याकाळी सायबर कॅफेत त्याचं उत्तर वाचलं. "यात सगळंच काळं दिसतंय. काळं म्हणजे मेलेलं. पण जांभळं असेल तर आत साकळलेलं रक्त असू शकतं, आणि मग पाऊल वाचेल. डिजिटल कॅमेरा मिळाला तर बघ. मला रंग खरा दिसला पाहिजे."

प्रिंटवर रंग का फिरतो, हे मला निराळं सांगायला नको होतं. स्टुडिओचं मशीन प्रत्येक फोटो आपल्या मनाने सुधारतं, आणि आमच्या घरातल्या ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद जांभळा जुळे भाऊ दिसतात.

शनिवारी सकाळी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून मी आधी लॅबमध्ये गेले. कापडाच्या चार पट्ट्या कापून घेतल्या, काळी, गडद जांभळी, विटकरी आणि पांढरी. तिथून ठाण्याला. स्टेशनजवळच्या एका दुकानात डिजिटल कॅमेरे आले आहेत, असं ऐकलं होतं. दुकानात दोनच होते, दोन्ही मुठीत मावतील असे.

दुकानदाराने चकचकीत चंदेरी कॅमेरा पुढे केला. "मॅडम, हा घ्या. दोन मेगापिक्सेल. आत्ता याच्या वरती काही नाही. फंक्शन आहे का घरात?"

"नाही. मला फोटो काढून बघू दे."

मी काउंटरवर पट्ट्या मांडल्या, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "इथे नको, बाहेर उजेडात." तो तयार नव्हता. "बाहेर नाही देत आम्ही. पडलाबिडला तर?"

"माझ्या आईचा पाय कापायचाय सोमवारी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तो कापायचा की नाही, ते या फोटोवर ठरणार आहे. तुम्ही धरा कॅमेरा, मी फक्त बटण दाबते."

तो दोन्ही कॅमेरे घेऊन बाहेर आला. फूटपाथवर त्याने कॅमेरा धरला आणि मी पट्ट्यांचे आणि माझ्या तळहाताचे फोटो काढले, आधी चंदेरी कॅमेऱ्याने, मग दुसऱ्या, जुन्या मॉडेलच्या काळ्या कॅमेऱ्याने. आत येऊन त्याच्या कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी शेजारी लावले.

चंदेरीचा फोटो बघताक्षणी आवडावा असा होता. तळहात गुलाबी, विटकरी रंग पेटलेला. पण जांभळी पट्टी काळी झाली होती. दुसऱ्याचा फोटो लहान आणि फिका होता, पण त्यात जांभळी पट्टी जांभळीच होती, पांढरी पांढरी होती, आणि अगदी जवळून काढूनही तळहातावरच्या रेषा मोजता येत होत्या.

"हा द्या," मी म्हटलं.

"तो दीड मेगापिक्सेलच आहे, मॅडम."

"असू दे."

माझे तीन पगार त्यात गेले. परतताना मात्र मनात येत होतं, मोठा आकडा सोडून छोटा घेतला, आणि चुकले असेन तर?

घरी आईला बाल्कनीत खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि शेजारी पांढरी पट्टी ठेवली. "पायाचे कसले फोटो काढतेस?" ती वैतागली. "हल गं जरा तिकडे, लोक बघताहेत." पहिले सहा फोटो हलले. मग कठड्यावर कोपर टेकवलं.

कॅफेवाल्याने आधी नकारच दिला. बाहेरची केबल तो मशीनला लावू देत नव्हता, व्हायरसची भीती. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने जोडली. फोन लाइन तीनदा तुटली. चौथ्यांदा तीन फोटो गेले. मी तिथेच बसून राहिले. दीड तासाने उत्तर आलं.

"दोन बोटं गेली आहेत. बाकीचं जांभळं आहे, मेलेलं नाही. आधी पायातला रक्तपुरवठा तपासा. माझा नंबर डॉक्टरांना दे."

मी ते उत्तर दाखवलं तेव्हा सर्जन रागावले. "फोटोवरून ऑपरेशनं ठरवायची का आता?" पण रविवारी त्यांनी माझ्या मावसभावाला फोन केला. दोघे बराच वेळ बोलले. सोमवारी ऑपरेशनऐवजी आईची तपासणी झाली आणि बुधवारी फक्त दोन बोटं काढली. पाऊल राहिलं.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉटवर आई म्हणाली, "तो कॅमेरा आण. मला बघायचंय." मी टाळलं, तरी ती हटेना. मागच्या छोट्या पडद्यावर तिने स्वतःचा तळवा बघितला, पहिल्यांदाच.

"एवढं झालं होतं? आणि तू रोज सांगायचीस, सुकतंय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"उद्यापासून ड्रेसिंग सोडलं की फोटो काढून आधी मला दाखवायचा," ती म्हणाली. "मग तू बघ."