जड गोळी खाली पडते, असं मी म्हणाले

अमेरिकेतून कतारला परत येताना माझी अशी समजूत होती की दोहा माझी वाट बघत असणार. का नाही बघणार? वर्ल्ड कप तीन वर्षांवर आलेला, गावभर क्रेन उभ्या, आणि मी फिजिक्स शिकून येतेय! खेळ आणि विज्ञान यांची सांगड घालणारी अशी मुलगी यांना मिळणार कुठे?

प्रत्यक्षात काय मिळालं? अल दुहैलमधली माझी जुनी खोली, दर आठवड्याला नव्या बाजूने वळवलेला घराचा रस्ता, आणि आईचं रोजचं वाक्य, "सई, ती पुस्तकं उचल टेबलावरून, जेवायला वाढायचंय."

असो. वाट न बघणाऱ्या त्या गावात मी जो पराक्रम केला, तो ऐका. हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा.

आमचे भालेराव काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. मूळचे नाशिकचे, पण सव्वीस वर्षं दुखानच्या तेलक्षेत्रावर काढलेली. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी दोहाची आणि दुखानची मराठी मंडळी शूटिंग क्लबात जमून रिव्हॉल्व्हरची मॅच खेळायची. इतर ठिकाणची मराठी माणसं नाटक बसवतात, आमची नेम धरतात! क्लबचंच रिव्हॉल्व्हर, क्लबचीच काडतुसं. कप पितळेचा, मुठीएवढा. पण तो मुठीएवढा कप काकांच्या दुखानला एकदाही मिळाला नव्हता. आणि पंधरा दिवसांनी काका निवृत्त होऊन कायमचे नाशिकला निघाले होते. म्हणजे ही शेवटची संधी.

त्या दिवशी योग तर असा जुळला होता म्हणता! दोहाचा खेळ संपलेला, बाबा त्यांच्या टीममध्ये असल्याने चेहरा पाडून बसलेले. दुखानकडून फक्त काका उरले होते. सहा-सहाच्या दोन फेऱ्या, बारा गोळ्या. काका नेहमीसारखे खेळले असते तरी कप दुखानचा.

तेवढ्यात क्लबचे इन्स्ट्रक्टर युसुफभाई रिकामा खोका घेऊन आले. युसुफभाई सुदानचे, पण हिंदी आमच्यापेक्षा बरी.

"अंकल, हल्कावाला खलास. अब एक सौ अट्ठावन ग्रेन है. भारी गोली. दो-तीन ट्रायल मार लो."

काकांचा हात एकशेपंचवीस ग्रेन वजनाच्या हलक्या गोळीला सरावलेला. ते "चालेल" म्हणणार, इतक्यात कोण उठलं? मी!

"ट्रायलची काही गरज नाही, काका! मी आहे ना."

माझा अधिकार काय, विचाराल. माझी रूममेट मोंटानाची. तिचे वडील गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे. एका सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचले होते. झाला माझा अनुभव!

"सोपं आहे, काका. गोळी जड, म्हणून वेग कमी. वेग कमी, म्हणून पोचायला वेळ जास्त. वेळ जास्त, म्हणून ती जास्त खाली पडणार. तुम्ही नेम काळ्या गोलावर धरूच नका. त्याच्या चांगला वर धरा."

"नक्की?" काका म्हणाले.

"न्यूटनवर विश्वास आहे ना?"

काकांनी कानावर मफ चढवले, हात उचलला. धाड! मी दुर्बिणीला डोळा लावला. कागद कोरा.

आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी थांबले? छे! मला तर आनंद झाला. कागदावर भोक नाही, म्हणजे गोळी कागदाच्या खालून गेली. म्हणजे सिद्धांत बरोबर, फक्त आकडा कमी पडला!

"काका, अजून वर!"

धाड! कोरा.

"अजून!"

काका थांबले. एक मफ बाजूला करून म्हणाले, "सई, मला हाताला काहीतरी वेगळंच वाटतंय गं. उसळी मोठी आहे. गोळी वरून जातेय की काय?"

"काका, वाटणं वेगळं आणि असणं वेगळं," मी म्हणाले. हो, याच शब्दांत. साठीच्या माणसाला!

मागे काकू आणि अख्खं दुखान बघत बसलेलं. युसुफभाईंच्या चेहऱ्यावर कसलीतरी कळ उठत होती, पण फेरी चालू असताना खेळाडूच्या मदतनिसाशिवाय कोणी बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम. आणि मदतनीस कोण? तुमच्या समोर बसलीये!

तिसरी कोरी. चौथी कोरी. पाचवी कोरी. सहाव्या वेळेपर्यंत काकांचा हात इतका दमला की नेम आपोआप जरा खाली आला. धाड! कागदाला वरून धरणारा चिमटाच उडाला, आणि कागद एका कोपऱ्यावर लोंबकळायला लागला.

दोहाच्या बाकावरून बाबा ओरडले, "सई, पडलं गं काहीतरी खाली! न्यूटन जिंकला!"

युसुफभाईंनी मफ काढले. "मॅडम, सब ऊपर से गया. छे का छे."

"असं कसं होईल?"

मग त्यांनी मला समजावलं, तेही रिकामं रिव्हॉल्व्हर हातात धरून, अगदी हळू. गोळी नळीतून पुढे सरकत असतानाच रिव्हॉल्व्हर हातात मागे-वर उसळायला लागतं. जड गोळीचा धक्का मोठा, शिवाय ती सावकाश जाणारी, म्हणून नळीतून बाहेर पडायला उशीर. तोवर नळीचं तोंड जास्त वर उचललेलं असतं. पंचवीस मीटरवर ती हलक्या गोळीपेक्षा खाली किती पडणार? नखभर. म्हणून ती लागते वरच. आणि मी त्या वरला अजून वर पाठवत होते!

काकू शांतपणे म्हणाल्या, "सई, तू स्वतः किती गोळ्या झाडल्यास गं आजवर?"

"एकही नाही, काकू."

तो हशा! दोहावाले हसले, दुखानवालेही हसले, युसुफभाई भिंतीकडे तोंड करून हसले.

दुसऱ्या फेरीत काकांनी मला पाणी आणायला पिटाळलं, नेम काळ्याच्या खालच्या कडेवर धरला आणि सहाच्या सहा गोळ्या गोलात घातल्या. पण पहिल्या फेरीचा भोपळा कुठे जाणार? कप दोहाला. बाबांनी तो माझ्यासमोर उचलला आणि म्हणाले, "मुलीला शिकवलेलं कामी आलं."

मी काकांपाशी गेले. त्यांनी पाठीवर थाप मारली.

"अगं, हरायची सवय आहे मला. पण आपली माणसं हरताना इतकी खदखदा हसलेली पहिल्यांदाच बघितली. छान निरोप झाला." मग म्हणाले, "एकच चुकलं. माझा हात मला सांगत होता, आणि मी तुझं ऐकलं."

हे मात्र लागलं. बरोबर मध्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले ती ठरवूनच. आमच्या मराठी मंडळातल्या मुलांपुढे 'खेळामागचं विज्ञान' यावर माझं व्याख्यान होतं, ते पुढे ढकललं. काकांना फोन लावला.

"काका, जायच्या आधी मला शिकवाल?"

"शिकवतो की. एक अट. मफ तू कानाला लावायचे आणि चिकटपट्टी तोंडाला."

तासाभरात आम्ही क्लबात हजर. युसुफभाईंनी नवशिक्यांचा फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, आधीचा अनुभव. मी पेन उचललं आणि प्रामाणिकपणे लिहिलं:

"सहा गोळ्या. हात काकांचा, डोकं माझं. पाच आकाशात, एक चिमट्याला."