पन्नीतली जाईची पानं

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे दुखण्याखुपण्याचा कुठलाही प्रश्न माझ्याकडे येतो. मी वनस्पतिशास्त्र शिकते, डॉक्टरकी नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

धानाची रोवणी आटोपली आणि बाबांच्या गालाला आतून जखम झाली. आई म्हणाली, तोंड आलं असेल. तिने अंगणातल्या जाईची पानं चघळायला दिली. काही आठवडे गेले तरी जखम भरेना. बाबा खर्रा खाणारे; सुपारी-तंबाखू प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून दिवसभर तोंडात. वस्तीतल्या एका काकांचा कॅन्सर अशाच जखमेपासून सुरू झाला होता. तो शब्द घरात कुणीच तोंडातून काढत नव्हतं.

"तू त शिकून राहिली न," एकदा बाबा म्हणाले. "सांग, ह्या पानात दम हाय का नाही?"

मी भीतभीतच कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कीड-बुरशीपासून वाचायला झाड स्वतःसाठी काही पदार्थ बनवतं. आपल्या पुस्तकातले मेटाबोलाइट ते हेच. त्यांतल्या काहींनी सूज उतरते, जखम भरायला मदत होते, असं प्रयोगांत दिसलंय. "पण माणसाच्या तोंडात किती उपयोग, ते अजून नीट कळलेलं नाही. आणि इतके दिवस न भरणारी जखम आधी डॉक्टरला दाखवायची."

घरी सांगताना मी अडखळत होते. "बाबा, पानात दम असंल. किती, ते मले माहीत नाही. पन पानाले जखमेच्या आतलं दिसत नाही. डॉक्टरले दाखवा न जी."

बाबांनी खांद्यावर दुपट्टा टाकला. मग आईला म्हणाले, "आयकलं का वो? पोरगी 'मले माहीत नाही' म्हनून राहिली. मंजे खरंच शिकली. चाल, जाऊ."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांना दिसलं, की एका तुटक्या दाताची धार गालाला सारखी कापत होती. त्यांनी ती घासून दिली, जखमेचा तुकडा तपासायला पाठवला आणि खर्रा बंद केला. पानं चघळायला त्यांची हरकत नव्हती. रिपोर्ट येईपर्यंत आईचं जेवणात लक्ष नव्हतं. रिपोर्ट चांगला आला. तेव्हा ती रडली, मीही.

खर्रा सुटला, पण पन्नी घोटायची हाताची सवय सुटेना. मग आईने नव्या पन्नीत जाईची पानं भरून दिली. बांधावर एका शेजाऱ्याने नेहमीसारखा खर्र्यासाठी हात पुढे केला. बाबांनी पन्नी दिली. तो आत बघतच राहिला.

"काहून जी, तोंडात शेळी पाळली का?"

"पाळली न. तुमच्यासाठी पन एक पाहू का?"

जखम भरली. दाताची धार गेली, खर्रा सुटला, पानंही होती. कशाने किती, हे मला सांगता येणार नाही. म्हणून मी सगळ्यांचेच उपकार मानते. डॉक्टरांचे, मॅडमचे, आणि स्वतःसाठी बनवलेलं आम्हाला देणाऱ्या त्या जाईचेही.

परवा आईने लाखोळीच्या डाळीचे वडे तळले. बाबांनी सोबतची हिरवी मिरची जखम झालेल्याच गालात धरली आणि चावली. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"काय पाहून राहिल्या?" बाबा म्हणाले. "आनखी दे दोन."