साडूंच्या भिंतीवरच्या सह्या

गाण्यातलं काडीचंही न कळणारा आणि तरीही गाण्यातल्या यच्चयावत मोठ्या माणसांचा लाडका असा माझ्या साडूंसारखा इसम अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. जळगावात पिंप्राळ्याला त्यांचं घर आहे. तिथे बैठकीच्या खोलीत भिंतीचा रंग दिसत नाही; दिसतात ते गायक-वादक, आणि प्रत्येक फोटोवर झोकदार सही. मी धुळ्यात राहतो, बारा वर्षं गाणं शिकलो, दोन सुरांत राग ओळखतो आणि माझ्याकडे एकही सही नाही. हे लिहितानासुद्धा पोटात दुखतंय.

मैफल संपली की आम्ही जाणकार मंडळी कलावंताला घेरून कोमल निषादावर बोलत असतो. तेवढ्यात साडू कोपराने वाट काढत घुसतात आणि विचारतात, "जेवन झालं का तुमचं?" हातात वांग्याच्या भरताचा डबा, डब्यावर फोटो स्टुडिओतून छापून आणलेला त्या कलावंताचाच फोटो, खिशात जाड पेन. एका नामवंत सतारवादकांना तर ते म्हणाले, "तुमची वीणा लय गोड वाजली!" मी लाजेने मान खाली घातली. ते गृहस्थ पोट धरून हसले आणि सहीखाली सतारीचं चित्र काढून दिलं.

यंदा एक ज्येष्ठ गायिका धुळ्यात येणार होत्या. साडूंचा फोन आला, "भाऊ, गाणं शनवारी का रविवारी?"

"रविवारी," मी म्हणालो. गाणं शनिवारी होतं.

शनिवारी बाईंचा फोटो घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो आणि गाणं संपताच सगळ्यांच्या आधी आत शिरलो. बाईंनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "ते जळगावचे भरीतवाले नाही आले?" मी नाही म्हणालो. "मग हा त्यांच्यासाठीच असेल," म्हणत त्यांनी माझ्या फोटोवर लिहिलं, 'जळगावच्या भरीतवाल्यांना, सप्रेम.'

रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा सांभाळत साडू दारात हजर. बसमध्ये उभ्यानेच आले होते. मी फोटो पुढे केला आणि जे केलं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी शर्टाच्या बाहीने फोटो पुसला. मग एवढंच विचारलं, "काय काय गायल्या?"

मला एकही चीज आठवेना. अख्खी मैफल मी सहीचाच विचार करत बसलो होतो.

"तुमच्याइतकं मले कळलं असतं ना भाऊ," ते हळूच म्हणाले, "तर सहीसाठी मी जागचा उठलोच नसतो."

दोघांनी बसून भरीत खाल्लं. संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीतून वाकून ते म्हणाले, "पुढच्या गाण्याची तारीख कळवा बरं. तुमच्याबिगर मले कोन सांगीन?"

बस हलली. मी खिडकीसोबत चार पावलं धावत ओरडलो, "कळवतो, खरी तारीख!"