खोटं न बोलणारी शेजारीण

डिसेंबरचा तिसरा शनिवार. नाताळच्या करंज्या लाटत होते. शेजारीण आली, सारण भरायला बसली आणि म्हणाली, "ताई, उद्या वरवंडचं पावणं तुमच्याकडं येत्याल. चौकशीला."

दौंडकडे मुलगी पसंत पडली, की मुलाकडचे आधी तिच्या शेजाऱ्यांकडे चहा पितात.

"एवढी घरं आहेत गल्लीत. माझ्याकडेच का?"

"मीच सांगितलं. म्हनलं, त्या ख्रिश्चन हायत, मरतील पन खोटं बोलायच्या न्हाईत."

"बरं. मग?"

"मग तेवढं आकडीचं बोलू नका. इचारलंच तर म्हना, पोरगी ठणठणीत हाय."

तिच्या मुलीला कॉलेजात असताना आकडी यायची. गोळ्या सुरू झाल्यापासून आलेली नाही.

"ह्याच्यापायी दोन स्थळं गेली, ताई. हे तिसरं." ती करंजीची कड मुडपत राहिली.

दुपारी करंज्यांचा डबा घेऊन आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. बुधवारच्या वर्गात ते आम्हाला नैतिक निर्णय कसा घ्यावा ते शिकवत होते. बायबलमधली आज्ञा काय सांगते, परिणाम काय होईल, प्रीती काय करील. उदाहरण होतं घरात लपवलेल्या निरपराध माणसांचं आणि दारात उभ्या सैनिकांचं. माझ्या दारात मुलाची आत्या येणार होती.

"खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा स्पष्ट आहे," ते म्हणाले.

"ती शेजाऱ्याच्या विरुद्ध दिलेल्या साक्षीबद्दल आहे. ही शेजारणीच्या बाजूने आहे."

"हो, पण मुलगाही आपला शेजारीच." त्यांनी दुसरी करंजी घेतली. "प्रार्थना करा."

परत येताना प्रार्थना केली. करता करता लक्षात आलं, की मी आईचा विचार केला, मुलाचा केला, आज्ञेचा केला. मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. ती दारात गाडी पुसत होती.

"उद्या काय सांगू?"

"मावशी, आईनं गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरल्यात. मी काय जन्मभर व्हिटॅमिन खाऊ?"

"मग मी खरं सांगते."

"तुम्ही नका. तुमच्या तोंडून गेलं तर आम्ही लपवलं असं होईल. मी सांगते."

"आणि आई?"

"आई बोंबलंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चमधली रविवारची उपासना चुकवली. आत्या आल्या, बसल्या आणि पाणी पिऊन थेट म्हणाल्या, "पोरीची तब्येत कशी हाय?"

"हाक मारते. तीच सांगेल," म्हटलं, आणि मुलीला बोलावून त्यांच्यासमोर बसवलं.

तिची आई मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी बोलली तेवढा वेळ आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो.

"गोळी सकाळची आसती का रातची?" आत्यांनी विचारलं.

शेजारीण खाली बसली. मी चहाचं आधण ठेवलं.