शंभर टक्के हजर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगायला बसले की आधी शाळेवरच तोंडसुख घेते — आजही तसंच होणार, ऐकून घ्या.

कतारमध्ये, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत मी दुसरीला शिकवते. आमच्याकडे हजेरीचं केवढं ते स्तोम! पोर तापानं फणफणत असलं तरी आया बसमध्ये बसवून देतात, कारण हजेरी घसरली की घरी पत्र जातं. शंभर टक्के भरली की सर्टिफिकेट, स्टेजवर फोटो. पोर शिकलं का? डोंबल! विचारतंय कोण? बाकावर बूड टेकलं की खलास.

संताप होतो माझा. पण खरं सांगू? या हजेरीच्या आड सगळ्यात जास्त मीच लपले.

शर्वरी माझ्या वर्गात होती. वडील लांब दुखानला तेल कंपनीत, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी घरी यायचे. आई आणि ती इकडे दोह्याजवळ अल वक्र्याला. एका दिवसाचा खाडा नाही. धडा इतका घडाघडा वाचायची की मी बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचे. एकदा वाचता वाचता तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली — आणि ती थांबलीच नाही. पुढ्यात वेगळंच पान, आणि ही मधल्या पानावरचं म्हणत सुटलेली. तिला वाचता येतच नव्हतं! सगळं कानानं ऐकून पाठ. तिनं वर बघितलं. मी काय केलं? ओठांवर बोट ठेवलं.

का? सहा महिने पोरगी माझ्या नाकासमोर बसली होती — सुपरवायझरनं पहिला प्रश्न तोच विचारला असता. शिवाय पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी. तपासणीला मी मुद्दाम तिलाच वाचायला उभं केलं. हो, तिलाच! तिची आई माझ्या नाशिकचीच, दोनदा विचारलं बिचारीनं, "ताई, घरी ही पुस्तकाला हातच लावत नाही हो, सगळं ठीक आहे ना?" मी म्हणाले, रोज येते ना शाळेत, मग कसली काळजी? प्रगतिपुस्तकातही लिहिलं — अत्यंत नियमित.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एवढंच असतं तर मी कधीच बोलून मोकळी झाले असते.

चौथीत नव्या टीचरनं तिच्यापुढे न शिकवलेला उतारा ठेवला आणि ती गप्प झाली. आईला बोलावलं, जुनी टीचर म्हणून मलाही. आईचा नुसता आगडोंब — इतकी वर्षं आम्हाला फसवलंस? त्यावर शर्वरी इंग्रजीतच म्हणाली, "मिस नोज. शी टोल्ड मी नॉट टु टेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही बघत होती. आता मिस सांगतील, अशी तिची खात्री होती.

मी म्हणाले, काहीतरीच काय! मला कसं माहीत असेल?

आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. ताईंवर आळ घेतेस? माफी माग आधी! शर्वरी रडली नाही. "सॉरी, मिस," म्हणाली.

आणि मी — मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "इट्स ओके, बेटा."